'टेक्सास फ्लड'ला मिळालेल्या दोन ताऱ्यांबद्दल

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. इथे येणाऱ्या बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्या दुकानातून अमेरिकी ब्लूज गिटारवादक आणि गायक स्टीव्ही रे वॉनचा 'टेक्सास फ्लड' हा अल्बम एलपीवर घेतला आणि आम्हाला दोन तारे दिलेत. तुमच्या मते रेकॉर्ड सदोष आहे, कारण सूर उतरलेला लागतो आणि तुमची गिटार त्याच्याशी जुळत नाही. पैसे मागितले तर आम्ही बदली रेकॉर्ड घ्या म्हणालो. आणि खरा राग दिसतो तो आमच्या वह्यांवर. गिऱ्हाइकांनी अल्बम ऐकून आपलं मत लिहावं म्हणून आम्ही रॅकमध्ये वह्या ठेवतो, त्यातल्या 'टेक्सास फ्लड'च्या वहीत एक म्हणतो थोर, दुसरा म्हणतो नक्कल. तेव्हा दुकानदाराने जाणकारांची तेवढी मतं ठेवावीत आणि बाकीची पानं फाडावीत, असं तुम्ही सुचवलंय.

सुराचं आधी, कारण तिथे मताचा प्रश्न येत नाही.

वॉन गिटारच्या सहाही तारा अर्धा स्वर उतरवून लावायचा. तुमच्या गिटारची सगळ्यात जाड तार पांढरी तीनला आहे, त्याची काळी दोनला. 'प्राइड अँड जॉय' तर त्या मोकळ्या जाड तारेवर टेकूनच चालतं, त्यामुळे सोबत वाजवायला बसलात की पहिल्या फटक्यालाच खटकणार. तुम्ही रेकॉर्ड परत आणलीत तेव्हा आपण काउंटरवर हेच गाणं लावलं होतं. टर्नटेबलच्या कडेचे ठिपके दिव्याखाली जागच्या जागी स्थिर होते, म्हणजे वेग बरोबर होता. अर्धा स्वर उतरायला तबकडी मिनिटाला 33⅓ ऐवजी जेमतेम साडेएकतीस फेरे फिरायला हवी, आणि मग लयही तेवढीच रेंगाळली असती. त्यानंतर मी तेच गाणं फोनवर लावलं, तेही काळी दोनलाच. तुम्ही तेव्हा 'बघतो' म्हणून निघून गेलात आणि रात्री इथे 'सदोष माल' लिहिलंत. रेकॉर्ड चांगली आहे सर. तारा अर्धा स्वर उतरवा आणि परत बसा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. साध्या सेटच्या तारा उतरवल्या की सैल पडतात, बोटाखाली लिबलिबीत लागतात. वॉन जाड तारा लावायचा, पहिली तार 0.013 इंचाची. आपल्याकडे बहुतेक जण 0.009 किंवा 0.010 लावतात. एवढी जाड तार ओढून स्वर वर न्यायचा म्हणजे बोटांची सालटी निघतात, त्याचीही निघायची. वहीत कॉलेजच्या एका मुलाने लिहिलंय: 'तेरा नंबर लावून पाहिला. दोन दिवसांनी परत नऊ.' यापेक्षा नेमकं परीक्षण मी तरी कुठे वाचलेलं नाही.

पैशाचं. सील फोडलेली रेकॉर्ड परत घेत नाही, सात दिवसांत बदलून देतो, हे काउंटरवर आणि बिलावर दोन्हीकडे लिहिलंय. फोडलेला माल नवा म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारता येत नाही. यापलीकडे त्यात काही नाही.

आता वही. दुकान पुण्यात असल्यामुळे मतांची टंचाई आम्हाला कधी भासली नाही. तुम्ही पहिलं पान वाचून रेकॉर्ड घेतलीत असं तुम्हीच लिहिलंय. त्या पानावर 'गिटार हातात धरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा' असं आहे. पान उलटलं की लगेच: 'आवाज बेताचा. अर्ध्याहून जास्त वेळ अल्बर्ट किंगच बोलतोय.' पहिलं पान मी चिकटवलेलं नाही आणि दुसरं लपवलेलं नाही.

ज्याने नक्कल म्हटलंय त्याला मी खोडून काढणार नाही. वॉनने त्याच्या आधीच्या पिढीतल्या ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगकडून उचललंय, आणि ते तो कधी लपवत नव्हता. तार कशी ओढायची, ओढून किती वेळ ताटकळत ठेवायची, हे किंगच्या आणि त्याच्या रेकॉर्डी पाठोपाठ लावल्या की कुणालाही कळतं. दहापैकी चार गाणी तर दुसऱ्यांचीच आहेत. ज्याच्यावरून अल्बमचं नाव पडलं ते लॅरी डेव्हिसचं, 1958 सालचं. 'टेल मी' हाउलिन वुल्फचं, 'मेरी हॅड अ लिटल लॅम्ब' बडी गायचं. 'टेस्टिफाय' आइझली ब्रदर्सचं, आणि त्यांच्या 1964 च्या रेकॉर्डवर गिटार होती कोवळ्या वयातल्या जिमी हेंड्रिक्सची. तेव्हा 'हे त्याचं नाही' म्हणणारा हवेत बोलत नाही. पण याच मताखाली दुसऱ्या हस्ताक्षरात लिहिलंय: 'डेव्हिसचं मूळ ऐकून या, मग बोलू.' मी मूळ ऐकलंय. तिथे डेव्हिस गातो आणि गिटार फेंटन रॉबिन्सन वाजवतो. वॉन दोन्ही कामं एकटा करतो. ओळ गाऊन संपते न संपते तोच गिटार तिला उत्तर देते आणि पुढच्या ओळीला नेमकी जागा सोडते. पाच मिनिटांहून जास्त वेळ हे चालतं. माझ्यापुरतं तेवढ्यात अल्बमचे पैसे वसूल होतात. तुमच्यापुरते होत नसतील, तर तेही पानावर यायला हवं.

'सगळी गाणी एकाच चालीची' हे तुमचं वाक्य वहीतही आहे, वेगवेगळ्या शब्दांत. 'आय ॲम क्रायिन' म्हणजे 'प्राइड अँड जॉय'ला नवीन शर्ट घातलाय, असं एकीने लिहिलंय, आणि तिथे मी तिच्या बाजूने आहे. पण सगळीच सारखी म्हणणाऱ्यांना आमच्याकडे येणाऱ्या एका तबलजींनी उत्तर दिलंय. त्यांचं म्हणणं असं की शफल ही ब्लूजची झुलती लय म्हणजे सरळ तिस्र अंग, एका मात्रेचे तीन तुकडे, आणि बारा बारचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं, चक्र म्हणजे आवर्तन. एकताल लागला की त्याच त्या बारा मात्रा फिरतात म्हणून कुणी उठून जात नाही. ऐकायचं ते क्रिस लेटनचे ड्रम आणि टॉमी शॅननचा बेस कसे जागचे हलत नाहीत ते, कारण ते हलत नाहीत म्हणून वॉनला मागेपुढे खेळता येतं. मी ब्लूज ऐकतोय त्याला बरीच वर्षं झाली, पण 'रूड मूड' इतका सुटल्यासारखा का वाटतो हे मला त्या पानावरून कळलं. आता हे तबलजी तुमच्या हिशेबात जाणकार की नाही? ब्लूजचे नाहीत. तुमची सूचना मानायची तर ते पान फाडावं लागेल.

रेकॉर्डिंग डेमोसारखं वाटतं, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. सर, तो डेमोच होता, म्हणजे कंपन्यांना ऐकवायचा नमुना. 1982 च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत लॉस एंजेलिसमधला गायक जॅक्सन ब्राउनचा स्टुडिओ वॉन, लेटन आणि शॅनन यांना फुकट मिळाला. दोन-तीन दिवसांत तिघांनी स्टेजवर वाजवतात तसं वाजवून टेप भरल्या. त्या नवे कलाकार हेरणाऱ्या निर्मात्या जॉन हॅमंडच्या कानावर गेल्या, त्याने शब्द टाकला, आणि जून 1983 मध्ये एपिक या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला. तो अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत 38 व्या क्रमांकापर्यंत गेला. याच वॉनची गिटार इंग्लिश गायक डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स' या अल्बमवर चकाचक ऐकू येते, कारण तिथे निर्माता नाइल रॉजर्स होता आणि न्यूयॉर्कचा पॉवर स्टेशन स्टुडिओ होता. ज्यांना ती चकाकी हवी त्यांनी 'लेट्स डान्स' घ्यावा, तोही आमच्याकडे आहे.

हा स्टुडिओ फुकट का मिळाला, ते तुमच्या 'जाणकारां'साठी मुद्दाम सांगतो. 17 जुलै 1982 रोजी वॉन आणि त्याचा 'डबल ट्रबल' हा बँड स्वित्झर्लंडमध्ये माँट्रोच्या जॅझ महोत्सवात वाजवत होते. तेव्हा यांच्या नावावर एकही अल्बम नव्हता. कार्यक्रम बराचसा शांत, अकूस्टिक ब्लूजचा, आणि हे तिघे आवाज चढवून आलेले. प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो उडवली. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिळतं, त्यात ती ऐकू येते. आणि त्याच गर्दीत बोवी बसला होता, त्याने पुढे याला 'लेट्स डान्स'साठी बोलावलं. कार्यक्रमानंतर तिथल्या बारमध्ये वाजवताना जॅक्सन ब्राउन यांना येऊन मिळाला आणि आपला स्टुडिओ देऊ केला. माँट्रोला जाणारा माणूस अडाणी नसतो, हुर्यो करणाऱ्यांनीही त्याआधी भरपूर संगीत ऐकलेलं असणार. त्या रात्री दाराशी आमची वही असती, तर मी कुणाची पानं फाडायची होती?

म्हणून वही आहे तशीच राहील. शिवीगाळ असेल तर खोडतो, बाकी 'कंटाळा आला' एवढंच लिहिलेलं असलं तरी ठेवतो. विकणाऱ्याने निवडून ठेवलेली मतं म्हणजे जाहिरात, आणि ती रेकॉर्डच्या वेष्टनावर कंपनीने आधीच छापलेली असते.

तुमचे सात दिवस या शनिवारी संपतात. तोवर तारा उतरवून दुसरी बाजू लावून बघा, शेवटच्या 'लेनी'पर्यंत. त्यात गाणं नाही, बारा बारचं चक्र नाही आणि आवाजही चढलेला नाही, त्यामुळे तुमच्या निम्म्या तक्रारी तिथे लागू होत नाहीत. तरी नाहीच पटलं तर रेकॉर्ड घेऊन या. अल्बर्ट किंगचा 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' आला आहे, तो तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. नक्कल नको असेल तर अस्सल घेऊन जा, किमतीत जो काही फरक असेल तो आपण बघू. आणि इथे लिहिलेलं वहीतही लिहा. सुराची ओळ गाळलीत तर बरं, बाकी सगळं चालेल. गुरुवारी दुकान बंद असतं.