त्या हिशेबात दवाखान्याचं बिलच नाही

'ब्रेकिंग बॅड' ही मालिका २०१३ साली संपली, पण तिच्याबद्दलचं एक चित्र अजून फिरतंच आहे. कॅनडातला डॉक्टर समोरच्या माणसाला सांगतो, तुम्हाला कॅन्सर आहे, पुढच्या आठवड्यापासून उपचार सुरू. खाली लिहिलेलं असतं, 'समाप्त'. म्हणजे अमेरिकेत सरकारी खर्चाने उपचार मिळाले असते, तर ६२ भागांची ही गोष्ट पहिल्याच भागात आटोपली असती. मराठी ग्रुपवर हे चित्र येतं तेव्हा त्याच्या मागे एक परिच्छेद जोडलेला असतो. साधा, पापभीरू मास्तर. भागीदारांनी आधीच लुबाडलेला. दवाखान्याची बिलं भरायला आणि बायकामुलांसाठी वाईट मार्गाला लागला. दुसरा मार्गच नव्हता. बायकोने मात्र समजून घेतलं नाही. त्याच्या जागी कुणीही असता तर हेच केलं असतं.

मी ही मालिका तीनदा पाहिली आहे आणि यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे असं माझं मत आहे. एकेक मुद्दा घेते. ज्यांना अजून पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं, कारण शेवटापर्यंत सगळं सांगावं लागणार आहे.

आधी गोष्ट थोडक्यात. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात वॉल्टर व्हाइट हा शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पगार वर्षाला ४३,७०० डॉलर. शाळा सुटल्यावर तो गाड्या धुण्याच्या एका दुकानात काम करतो. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, बायको स्कायलर पुन्हा गरोदर आहे. पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर झाल्याचं कळतं. मग तो जेसी पिंकमन या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून मेथ नावाचा अमली पदार्थ बनवायला लागतो, आणि पुढे 'हायझेनबर्ग' या नावाने सगळा धंदा ताब्यात घेतो.

आता पहिला मुद्दा, उपचारांच्या खर्चाचा. वॉल्टरने धंदा सुरू केला तेव्हा त्याला उपचार घ्यायचेच नव्हते! आजाराचं घरात कुणाला सांगण्याआधीच जेसीबरोबर पहिला माल तयार झालेला असतो. पुढे पाचव्या भागात सगळं घर बैठकीच्या खोलीत जमतं. एक उशी हातोहात फिरवायची, ज्याच्या हातात उशी त्याने बोलायचं. त्या बैठकीत वॉल्टर स्पष्ट सांगतो की मला उपचार नकोत, निदान हा एक निर्णय तरी मला माझा घेऊ द्या. म्हणजे माल आधी, उपचारांचा होकार नंतर. 'बिलं भरायला' या वाक्याचा पाया इथेच निखळतो.

त्याने स्वतः मांडलेला हिशेबही ऐका. दुसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात तो जेसीला तोंडी गणित घालून दाखवतो. दोन मुलांची कॉलेजची चार-चार वर्षं, वर्षाला ४५ हजार धरून ३ लाख ६० हजार. घराचं उरलेलं कर्ज आणि घरावर काढलेलं दुसरं कर्ज मिळून १ लाख ३७ हजार. घरखर्च महिन्याला दोन हजार, दहा वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३७ हजार डॉलर. मी हा प्रसंग मागे नेऊन पुन्हा ऐकला. त्या बेरजेत दवाखान्याचं बिलच नाही.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून निसटते. वाढदिवसाच्या पार्टीत त्याचा साडू हँक, जो अमली पदार्थविरोधी खात्यात अधिकारी आहे, त्याची धाड टीव्हीवर दाखवत असतात. जप्त केलेल्या नोटांच्या थप्प्या पडद्यावर येतात. सगळे हँकचं कौतुक करत असतात आणि वॉल्टर विचारतो, किती पैसे आहेत हे? सात लाखांच्या आसपास, असं उत्तर येतं. या क्षणी त्याला कॅन्सरची गंधवार्ताही नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या त्या माणसाचे डोळे तेव्हाच त्या थप्प्यांवर खिळलेले आहेत.

अमेरिकेत आजारपण माणसाला धुऊन काढतं, हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती तक्रार मांडायला वॉल्टर व्हाइट हा साक्षीदार चालत नाही, कारण त्याला मदत मिळत होती. 'दुसरा मार्गच नव्हता' हे विधान मला सर्वांत जास्त खटकतं ते म्हणूनच. हँक त्याला शब्द देतो की काहीही झालं तरी तुझ्या कुटुंबाकडे मी बघेन. एलियट श्वार्ट्झ, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र आणि 'ग्रे मॅटर' कंपनीतला जुना भागीदार, त्याला नोकरी देऊ करतो, तीही विम्यासकट. आपल्या आजाराचं एलियटला आधीच कळलंय हे लक्षात येताच वॉल्टर तिथून तडक निघतो. नंतर एलियटची बायको ग्रेचेन फोन करून विनवते, तिलाही तो नाही म्हणतो. आणि त्याच भागाच्या शेवटी तो जेसीच्या दारात उभा राहून विचारतो, माल बनवायचा का? घरी मात्र सांगतो की एलियट आणि ग्रेचेनच खर्च उचलतायत. ज्यांचे पैसे घ्यायला कमीपणा वाटला, त्यांचं नाव खोटं सांगायला वापरताना त्याला काहीच वाटलं नाही.

'भागीदारांनी लुबाडलं' ही तर फक्त वॉल्टरची बाजू आहे. मालिकेत जे कळतं ते एवढंच की त्याने स्वतःचा हिस्सा पाच हजार डॉलरना विकला. ग्रेचेन त्याला समोरासमोर आठवण करून देते की सुट्टीत माझ्या माहेरी आला होतास आणि काही न सांगता बॅग भरून निघून गेलास. यावर त्याच्याकडे उत्तर नाही, फक्त शिवी आहे. पुढे कंपनी २.१६ अब्ज डॉलरची झाली. हा आकडा तो दर आठवड्याला काढून बघतो. स्वतःच सोडलेल्या गोष्टीचा असा सूड मनात धरून बसलेल्या माणसाला मी लुबाडलेला म्हणणार नाही.

आता तो साधेपणा. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण मालिकेचं सगळं मोठेपण इथे आहे. आपल्याकडे कुणी तोंडातून ब्र काढत नसला की त्याला चांगला माणूस म्हणतात. वॉल्टर गप्प आहे, पण शांत नाही. संधी मिळाली नाही म्हणून त्याच्या हातून वाईट घडलं नव्हतं, आणि संधी मिळाल्यावर तो एकेक पायरी स्वतःच्या पायाने उतरला.

पहिल्या सीझनचा तिसरा भाग घ्या. क्रेझी एट नावाचा विक्रेता जेसीच्या तळघरात खांबाला जखडलेला आहे, गळ्यात सायकलचं कुलूप. त्याचं काय करायचं हे ठरवायला वॉल्टर कागदावर दोन रकाने आखतो. सोडून द्यावा या बाजूला पुष्कळ कारणं, तू खुनी नाहीस हेही त्यात. मारावा या बाजूला एकच कारण, सोडलास तर तो तुझं सगळं कुटुंब मारील. तो त्याच्यासाठी सँडविच करतो, पावाच्या कडा काढून, कारण त्याला कडा आवडत नाहीत. पायऱ्या उतरताना वॉल्टर कोसळतो, बशी फुटते. शुद्धीवर आल्यावर दोघं गप्पा मारतात, बिअर पितात. वॉल्टर त्याला सोडायचं ठरवून किल्ली आणायला वर जातो. तिथे त्याच्या मनात काहीतरी येतं. तो कचऱ्याच्या डब्यातून बशीचे तुकडे काढतो आणि टेबलावर जुळवायला लागतो. एक लांबट, टोकदार तुकडा कमी आहे.

मग खून होतो. पण खून करताना वॉल्टर रडतो, पुन्हा पुन्हा माफी मागतो. इथपर्यंत मीही त्याच्या बाजूने होते.

पुढे हेच रडणं हळूहळू आटत जातं. दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडे जेसीची मैत्रीण जेन नशेत पाठीवर उताणी झालेली असते, उलटी तिच्या घशात अडकते. वॉल्टर शेजारी उभा आहे. नुसतं कुशीवर वळवलं असतं तर ती वाचली असती. तो आधी धावतो आणि मग थांबतो. जिवंत राहिली तर ती त्याला महागात पडणार असते. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, पण हात पुढे होत नाही. चौथ्या सीझनमध्ये तो जेसीला आपल्या बाजूला ओढण्यासाठी ब्रॉक या लहान मुलावर विषप्रयोग घडवून आणतो. पाचव्यात एकाच वेळी तीन तुरुंगांतली दहा माणसं दोन मिनिटांच्या आत मारली जातात आणि वॉल्टर घरी खिडकीशी उभा राहून मनगटावरच्या घड्याळात बघत असतो. कागदावर दोन रकाने आखणारा माणूस आणि हा घड्याळ बघणारा माणूस एकच. परिस्थितीने ढकललेला माणूस असा पायरी-पायरीने सरावत जात नाही. ब्रायन क्रॅन्स्टनने हे सगळं चेहऱ्याच्या इतक्या बारीक बदलांनी दाखवलंय की या भूमिकेसाठी त्याला टीव्हीचा एमी पुरस्कार चार वेळा मिळाला याचं मला नवल वाटत नाही.

आणि जो कॅन्सर या सगळ्याचं कारण सांगितला जातो, तो मध्येच बराच आटोक्यात येतो. बातमी ऐकून घरचे रडतात, हसतात. वॉल्टर दवाखान्याच्या बाथरूममध्ये जातो आणि कागदी रुमालांच्या धातूच्या पेटीवर ठोसे मारत सुटतो. थोड्याच दिवसांत एका दुकानात एक पोरगा मेथसाठीचं सामान घेताना दिसतो. वॉल्टर बाहेर पार्किंगमध्ये जाऊन त्याच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या तोंडावर सांगतो, माझ्या इलाख्यात फिरकायचं नाही. मरण लांब गेलं होतं, तरी इलाखा हवाच होता.

'कुटुंबासाठी' याबद्दल मला दोन प्रसंग आठवतात. एकदा जेवताना हँक सगळ्यांसमोर म्हणतो की गेल बोएटिकर (वॉल्टरचा प्रयोगशाळेतला मदतनीस, ज्याचा खून झालाय) म्हणजेच हायझेनबर्ग असणार, तो मेला, प्रकरण संपलं. वॉल्टरने तोंड मिटून वाइन प्यायली असती तर घर वाचलं असतं. पण दुसऱ्याला अलौकिक म्हटलेलं त्याला सहन होत नाही. तो म्हणतो, हे तर नुसतं नकल केलेलं दिसतंय, तुझा तो हुशार माणूस कदाचित अजून बाहेरच असेल. बंद झालेली फाइल त्याने स्वतःच्या हाताने उघडली. दुसरा प्रसंग देणग्यांचा. मुलगा भाबडेपणाने बापाच्या ऑपरेशनसाठी देणग्या मागणारी वेबसाइट काढतो. वकील सॉल गुडमन वॉल्टरचाच काळा पैसा तिथून छोट्या छोट्या देणग्या म्हणून फिरवतो. आकडा वाढताना घर आनंदाने उड्या मारतं आणि वॉल्टरचा चेहरा उतरतो, कारण पैसा त्याचा, श्रेय अनोळखी लोकांना.

मग येतो तो भाडोत्री गाळा. स्कायलर त्याला नोटांचा ढीग दाखवते, मोजणं शक्य नाही इतका, आणि विचारते, किती झाले म्हणजे पुरे? पुढे वाळवंटात पुरलेली रक्कम निघते ती ८ कोटी डॉलरची. ज्याला ७ लाख ३७ हजार हवे होते त्याच्याकडे त्याच्या शंभरपट आहेत. त्याआधी ५० लाख घेऊन बाहेर पडायची संधी आली होती, जेसी अक्षरशः गयावया करत होता. वॉल्टर म्हणाला, मी साम्राज्याच्या धंद्यात आहे.

स्कायलरबद्दल थोडंच लिहिते, राग येतो म्हणून. नवरा खोटं बोलतोय हे जिला कळलं, मुलांना या घरातून बाहेर काढायची जिने धडपड केली, तीच लोकांना खलनायिका वाटली. तिचं काम करणाऱ्या अॅना गनला इतका द्वेष सोसावा लागला की २०१३ मध्ये तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये त्यावर लेख लिहिला. स्कायलर चुकते, पैसे लपवायला मदतही करते. पण वॉल्टरच्या दहा खुनांना परिस्थिती आणि तिच्या एका टोमण्याला दुष्टपणा म्हणणारा तराजू मला मान्य नाही.

राहिलं 'कुणीही हेच केलं असतं'. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर गावोगावचे लोक रिपोर्टची पिशवी छातीशी धरून झोपलेले असतात. दागिने मोडलेले, जमीन गहाण, धर्मशाळेत जागेसाठी नंबर लावलेला. कुणी मदत देऊ केली तर हात जोडून घेतात. या माणसांना वॉल्टरच्या रांगेत उभं करणारं वाक्य पुढे पाठवताना जरा थांबावं, एवढीच माझी विनंती आहे.

वॉल्टरचं घरच्यांवर प्रेम होतं, हे मी नाकारत नाही. पोलीस ऐकतायत हे माहीत असताना तो स्कायलरला फोनवर घाणेरडं बोलतो, ते तिला निर्दोष ठरवण्यासाठी, आणि बोलताना रडत असतो. तो प्रसंग मला आजही बघवत नाही. पण शेवटच्या भागात त्याच्याकडे उरलेले ९७ लाख २० हजार डॉलर मुलापर्यंत कसे पोहोचवायचे हा प्रश्न येतो, कारण बापाच्या हातचा पैसा मुलगा घेणार नाही. वॉल्टर ते पैसे कुणाच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवतो? एलियट आणि ग्रेचेनच्या. मुलगा अठरा वर्षांचा झाला की तुम्ही द्या, तुमच्या नावाने द्या, असं धमकावून सांगतो. पहिल्या सीझनमध्ये याच दोघांनी हाच हात पुढे केला होता. मधल्या काळात जेन गेली, गेल गेला, धंद्यातला साथीदार माइक गेला, हँक गेला, जेनच्या दुःखात बुडालेल्या विमान नियंत्रक बापाच्या चुकीने आकाशात दोन विमानं आदळून १६७ माणसं गेली.

त्यानंतर तो स्कायलरच्या स्वयंपाकघरात उभा असतो. तिला वाटतं, आता पुन्हा 'कुटुंबासाठी' ऐकावं लागणार. तो म्हणतो, मी माझ्यासाठी केलं. मला ते आवडत होतं, मला ते चांगलं जमत होतं, मी जिवंत होतो. झोपलेल्या मुलीच्या डोक्यावरून एकदा हात फिरवतो, शाळेतून येणाऱ्या मुलाला लांबून बघतो. आणि पोटात गोळी घेऊन शेवटची काही पावलं टाकतो ती मेथच्या प्रयोगशाळेत. तिथल्या मुखवट्याला हात लावतो, टाकीवरून तळवा फिरवतो. तो खाली कोसळतो आणि त्या चकचकीत पत्र्यावर त्याच्या रक्ताचा पंजा उमटलेला राहतो.