सिएरासाठी अख्खी टाटामोबाइल का घ्यायची? एका टीकेला उत्तर

जुनी टाटा सिएरा पुन्हा उभी करायची तर पार्टसाठी अख्खी टाटामोबाइल पिकअप घ्या, असं मी लिहिलं होतं. तुमची तक्रार अशी: सिएरा उभी करायला अख्खी टाटामोबाइल विकत घेणं म्हणजे पैसे जाळणं, लागेल तो पार्ट मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात सुटा मिळतो, आणि तसंही ‘इंजिनपासून डिफरन्शियलपर्यंत सगळं जसंच्या तसं बसतं’ हे खोटं आहे.

शेवटचा मुद्दा मान्य. सिएराचा व्हीलबेस (पुढच्या नि मागच्या चाकांमधलं अंतर) 2400 मिमी, पिकअपचा बराच लांब. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा), हँडब्रेकची केबल, मागे जाणारे ब्रेकचे नि डिझेलचे पाइप लांबीत जुळत नाहीत. माझ्या लेखातली ती ओळ दुरुस्त केली आहे. मागच्या वळणदार काचा नि मागचं दार तर पिकअपला नसतंच.

कुर्ल्याचं मात्र पटत नाही. तिथल्या सीएसटी रोडवर इंजिन, गिअरबॉक्स मिळेल. काम अडतं ते चिल्लर मालावर: पेडलचं ब्रॅकेट, वायपरची लिंक, बोनेटचं लॉक, बिजागऱ्या, मूळ बोल्ट. याला सुटी किंमत नाही, म्हणून ते कोणी जपून ठेवत नाही. किलोवर भंगारात जातं. सिएरा (1991) टाटामोबाइलवरूनच (1988) बेतलेली, म्हणून हा माल एका गाडीत सापडतो. फक्त नावावर जाऊन टाटाचीच 207 डीआय पिकअप घेऊ नका, तिचं इंजिन जवळपास तीन लिटरचं. आपल्याला 1948 सीसीचं हवं.

बघायला जाताना मालकाला आधी गाडी चालू करू नका असं सांगा. पोचल्यावर इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर थंड होईपर्यंत थांबा. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उलटं करून भोकावर नुसतं ठेवा. जागेवर थरथरलं तर ठीक, उडून पडलं आणि मागून धूर आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. असं इंजिन सुट्या भागांच्या भावानेच घ्यायचं. पत्र्याला चुंबक लावा, लांबी (पुट्टी) भरलेल्या जागी तो धरत नाही. रबरी मॅट उचलून फ्लोअर बघाच. पिकअप ओव्हरलोड चाललेली असते, तेव्हा मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसीला तडे शोधा.

उघडताना गॅस कटर लांब ठेवा. बोल्टांना आदल्या दिवशी तेल मारा. वायरिंग कापू नका, कनेक्टर सोडवून चिठ्ठ्या बांधा. पुढच्या टॉर्शन बारवर (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावर) काढण्याआधीच डावा-उजवा लिहा, बार आणि आर्म दोन्हींवर मिळून पंचाची खूण मारा, अ‍ॅडजस्टिंग बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा. बार एकाच दिशेने पिळायला बनवलेला असतो. बाजू बदलून बसवला तर गाडी पुढून खाली दबते, पुढे बार तुटतोही. ब्रेकचे होज, सिलिंडरची रबरं मात्र नवीनच. जुनी कितीही चांगली दिसली तरी नकोत.

‘एक गाडी मारून दुसरी जगवायची का?’ हेही तुम्ही विचारलंय. चेसी सडलेलीच निवडा, चालती कापू नका. पण आरसी हवी. कर्जाचा बोजा, थकलेली चलनं सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर बघा. कायमची निकामी झालेल्या गाडीची खबर मालकाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला द्यायची असते. त्यामुळे गाडी आधी नावावर करा, मग उघडा. इंजिन सिएरात बसवणार असाल तर त्याचा नंबर सिएराच्या आरसीवर चढवावा लागेल. तेव्हा नंबर खोडलेलं इंजिन कोणी फुकट दिलं तरी नको.