‘माकडाच्या हाती कोलीत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रौढांच्या वर्गात मी एक्सेल कसं वापरतो, या लेखावर आपण ‘एक निवृत्त शिक्षक’ अशी सही करून प्रतिक्रिया दिलीत. नाव का नाही, ते आपलं आपल्यालाच ठाऊक. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं की आधी पाढे आणि वही, यंत्र मागाहून. यांच्या घरी संगणक नाही, त्यामुळे वर्ग सुटला की विद्या संपली. यंत्राने चुकीचं उत्तर दिलं तर यांना ते कळणार कसं. आणि व्हिजिकॅल्क, म्हणजे एक्सेलचा पूर्वज असलेला तक्त्यांचा प्रोग्राम, १९७८ चा नसून १९७९ चा. मध्येच हे एक वाक्य: ‘अडाणी बायकांना एक्सेल देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.’

साल चुकलं, मान्य. व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये बाजारात आलं. डॅन ब्रिकलिनला ते सुचलं मात्र १९७८ मध्ये, हार्वर्डच्या वर्गात बसलेला असताना. प्राध्यापक फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा सुधारायचे आणि त्यापायी पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडायचे. ते साल माझ्या डोक्यात बसलं होतं. तरी चूक ती चूक. आपण जन्मभर वह्या तपासल्यात हे दिसतंच आहे.

आता माकड.

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या आमच्या वर्गात एक मावशी येतात. चार घरचा स्वयंपाक करतात, वय पन्नाशीच्या पुढे. त्यांनी एका फायनान्सवाल्याकडून १०,००० रुपये उचलले होते. ‘बारा टक्के, वर्षाची मुदत, महिना ९३४’ एवढं तोंडी सांगून त्याने अंगठा नव्हे, सही घेतली होती. (सही येते त्यांना. आपण ‘अडाणी’ लिहिलंत म्हणून सांगतो.) वर्गात आम्ही त्याचा तक्ता मांडला. महिना, शिल्लक, त्या महिन्याचं व्याज, हप्ता, उरलेली शिल्लक, असे पाच रकाने आणि बारा ओळी. दराचा आकडा वर एका चौकटीत एकटा ठेवला आणि सूत्रात त्या चौकटीच्या पत्त्यातल्या अक्षराआधी आणि अंकाआधी डॉलरचं चिन्ह लावलं. बायका त्याला ‘खिळा’ म्हणतात, कारण सूत्र खाली ओढलं तरी ती चौकट जागची हलत नाही. मी इतकी वर्षं शिकवतोय, याहून चांगला शब्द मला सुचला नव्हता.

दर १२ घातला, तर बाराव्या महिन्याअखेर शिल्लक उणे ५७७. म्हणजे मावशी जास्तच भरत होत्या. मी गप्प बसलो. त्यांनीच १८ घातले, उणे २२४. मग २४ घातले, तर उलट दीडशेच्या वर देणं उरलं. ‘म्हणजे मधेच कुठंतरी हाय,’ म्हणाल्या. असं करत करत २१.५ वर शिल्लक उणे ६ वर आली. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘फेडलेल्या पैशावर पण मी व्याज भरतीया व्हय?’

होय. त्यालाच सपाट दर म्हणतात. घटत्या शिल्लकीवर खरे १२ टक्के लावले असते तर वर्षाचं व्याज साधारण ६६२ रुपये झालं असतं. त्यांच्याकडून १,२०८ घेतले जात होते. हे त्यांना मी सांगितलं नाही, त्यांनी शोधलं. वहीत दर वेळी बारा ओळी खोडून पुन्हा करायच्या झाल्या असत्या, तर दुसऱ्याच दराला त्या उठून घरी गेल्या असत्या. मीही गेलो असतो.

तर सांगा, यात कोलीत कुठलं आणि माकड कोण? याच पुण्यात १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. तेव्हाही ‘यांना कशाला’ म्हणणारे असणारच. फक्त ते स्वतःला शिक्षक म्हणवत नसतील.

आपण पाढ्यांचा विषय मला शिकवताय म्हणून सांगतो. माझे वडील मार्केट यार्डात गुळाच्या आडतीवर दिवाणजी होते. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे त्यांना झोपेत विचारा. रात्री रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, जुळला नाही तर आधी बघायचे, फरक ९ ने भागला जातो का; जात असेल तर कुठेतरी ५४ चे ४५ झालेत. ते मी त्यांच्या मांडीवर बसून शिकलो. पुढे भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं हिशेब सांभाळले, एक्सेलच्या आधीच्या लोटस वन-टू-थ्री या तक्त्यांच्या प्रोग्रामपासून. तेव्हा पाढ्यांची किंमत मला तुम्ही सांगू नये.

घरी संगणक नाही, हे खरं. पोहायला शिकवताना घरी विहीर आहे का, असं कोणी विचारत नाही.

यंत्राची चूक कळणार कशी, या प्रश्नाला एकच प्रसंग पुरे. भिशीच्या तक्त्यात एकीने ५०० च्या पुढे ‘रु’ लिहिलं. एक्सेलने तो आकडा अक्षर समजून बेरजेतून गाळला आणि एकूण ५०० कमी आली. डब्यातले पैसे मोजलेले होते, म्हणून बायकांनी पकडलं. मला दिसलं नव्हतं. आता यावरून ‘बघा, मी तेच म्हणत होतो’ असं लिहू नका.

वर्ग रविवारी दुपारी तीनला असतो. खुर्च्या कमी आहेत, सतरंजीवर बसावं लागेल. मावशींना तुमचं वाक्य मी वाचून दाखवलेलं नाही. यायचं असेल तर ते त्यांना तुम्हीच ऐकवा, नावासकट.

मूळ लेखात १९७८ चं १९७९ केलं आहे.