केसपेपरवर फवारणीचा रकाना हवा

कपाशीच्या पट्ट्यात जुलै ते ऑक्टोबर ओपीडीत येणारं मूल: उलट्या, पातळ संडास, सुस्ती. निदान गॅस्ट्रो. छाती घुरघुरत असेल तर न्यूमोनिया, झटका आला तर फिट. घरी काल फवारणी झाली का, हे सहसा विचारलंच जात नाही. 2017 साली यवतमाळात फवारणी करणारी माणसं दगावल्यावर मोठ्यांबद्दल थोडी जाग आली. पण डॉक्टरांच्या डोक्यातलं चित्रही मोठ्यांचंच राहिलं: लाळ, घाम, टाचणीएवढ्या बाहुल्या. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाच्या विषबाधेत लहान मुलांना हे सगळं दिसेलच असं नाही. गुंगी, ढिले हातपाय आणि झटके एवढंच दिसू शकतं.

"घरात कीटकनाशक आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. पंप कुठे ठेवता, फवारणीचे कपडे कशासोबत धुता, उरलेलं औषध कशात ओतलं, उवांसाठी डोक्याला काय लावलं, असं विचारा. (उवांचं विचारायला डॉक्टरच संकोचतात.) 2013 साली बिहारमध्ये छपऱ्याजवळ मध्यान्ह भोजनातून 23 मुलं गेली, तेव्हा स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं होतं.

बाटली मागवून घ्याच. बाटलीवरच्या, विषारीपणा दाखवणाऱ्या त्रिकोणाच्या रंगापेक्षा घटकाचं नाव कामाचं. नुसतं सायपरमेथ्रिन असेल तर त्याला उतारा नाही, लक्षणांवर उपचार करायचे. सोबत प्रोफेनोफॉस (हे ऑर्गनोफॉस्फेट) असेल तर त्यावरचा उतारा, ॲट्रोपिन, हाताशी हवं. मुलाला मुद्दाम उलटी करायला लावू नका, औषधातलं द्रावक फुफ्फुसात जातं. कपडे उतरवून केस, नखं, कानामागे साबणाने धुवा. धुणाऱ्याच्या हातात नायट्राइलचे मोजे हवेत, लॅटेक्समधून औषध झिरपतं.

ॲट्रोपिन शिरेतून किलोमागे 0.02 ते 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या मुलाला 0.2 ते 0.5, आपली अँप्युल साधारण 0.6 ची. दर 5 मिनिटांनी दुप्पट. नाडी धावू लागली, बाहुल्या मोठ्या झाल्या की हात आखडतो, आणि घोळ तिथेच होतो. छाती कोरडी झाली का आणि श्वास सुटा झाला का, ते स्टेथोस्कोपने ऐकून ठरवायचं.

मूल हसायला लागलं म्हणून लगेच डिस्चार्ज नको. 24 ते 96 तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. उशीवरून डोकं उचलायला सांगा. उचलता येत नसेल तर व्हेंटिलेटरची सोय असलेल्या ठिकाणी ताबडतोब हलवा.

हे सगळं एका तासात शिकवता येतं. तो तास मृगाआधी ठेवा, आणि त्याला खाजगी बालरोगतज्ज्ञांइतकंच आशाताईंनाही बोलवा. पंप कुणाच्या ओसरीवर असतो, ते त्यांनाच ठाऊक असतं.