तलावाला शेत समजू नका

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतीच्या दराने वीज, कर्ज, विमा हे सगळं मच्छीमाराच्या पदरात पडायलाच हवं होतं. तेव्हापासून गावाकडच्या माणसांशी बोलणं झालं की विषय मात्र एकाच गोष्टीवर येतो: कोणत्या तलावात किती मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडलं. मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो, आणि या हिशेबाची मला धास्तीच वाटते, कारण नुसत्या बीजावर भिस्त ठेवल्याचे परिणाम इथल्या सरोवरांनी भोगले आहेत.

समुद्रातून आलेल्या लॅम्प्रेने, म्हणजे दुसऱ्या माशांना चिकटून रक्त शोषणाऱ्या माशाने, इथला लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा जवळपास संपवला. मग छोट्या माशांना खाणारं कुणी उरलं नाही, आणि एलवाइफ नावाचा बाहेरचाच छोटा मासा बेसुमार वाढला. त्याला आवरायला १९६६ पासून पॅसिफिकमधला सामन मासा आणून सोडला. हौशी गळवाले खूश, बोटवाल्यांचा धंदा तेजीत. पण ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यावर जगणारा चिनूक जातीचा सामनही गेला. गंमत म्हणजे त्यानंतरच तिथे मूळचे वॉलाय आणि लेक ट्राउट हे मासे पुन्हा आपणहून वाढू लागले.

म्हणून आता इथे आधी खाद्य मोजतात, मग पिल्लं सोडतात. मिशिगन सरोवरात २०१३ मध्ये चिनूकची पिल्लं जवळपास निम्म्यावर आणली. सोडलेल्या माशांची ओळखही ठेवतात: पाठीवरचा मागचा छोटा पंख कापलेला आणि नाकाडात तारेचा अगदी बारीक तुकडा. असा मासा गळाला लागला की लोक त्याचं मुंडकं ठरलेल्या ठिकाणी नेऊन देतात, म्हणजे तो तुकडा तपासता येतो. (आमच्याकडे मुंडकं कालवणातून काढायला कोण तयार होईल, हा प्रश्न आहेच.) 

आपल्याला हे सगळं परक्यांकडूनच शिकावं लागेल असं मुळीच नाही. भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांमध्ये मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाने, त्यातही बायकांनी, मनीष राजनकरांच्या संस्थेबरोबर बेशरम हे बाहेरून आलेलं, माजणारं झुडूप उपटलं, स्थानिक पाणवनस्पती लावल्या. आसरा मिळाला तशी मूळची मासळी परतली. सरकारी योजनेतली कटला, रोहू, मृगळ काही वाईट नाहीत. पण या कार्प साठलेल्या तलावात सहसा अंडी घालत नाहीत, दरवर्षी बीज विकत घ्यावं लागतं. मरळ, शिंगी तिथेच वाढतात, फक्त काठाची वनस्पती आणि पावसाळ्यात वर चढायला वाट हवी.

शेतीचा दर्जा तळ्यात मासे पाळणाऱ्याला द्याच. तलाव ठेक्याने देताना मात्र मच्छीमार सोसायटीला बीजाच्या पावतीखेरीज आणखी दोन गोष्टी विचारा: काठावर काय उगवलंय, आणि जाळ्यात मूळची मासळी किती आली.