दोन तारा म्हणजे सोपं वाद्य नव्हे

चीनमधल्या ज्येष्ठांच्या संगीतवर्गांवरचा लेख आवडला, पण 'अर्हूला दोनच तारा, म्हणून साठीनंतर शिकायला सोपं' हे अजिबात पटलं नाही. अर्हू म्हणजे गजाने वाजवायचं चिनी तंतुवाद्य, त्याला बोटं टेकवायला पट्टीच नसते. तार दाबायची ती हवेतच, आणि स्वर कानानेच शोधायचा. त्यात गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले. आतली तार वाजवायला गज स्वतःकडे ओढायचा, बाहेरचीला ढकलायचा. नवख्या हाताला हे पटकन साधत नाही. उगाच सोपं म्हटलं की आजी-आजोबा महिनाभरात खट्टू होऊन वाद्य बाजूला ठेवतात.

सुरुवातीला हुलुसी हे फुंकून वाजवायचं चिनी वाद्य बरं. भोपळ्याची, आपल्या पुंगीची आठवण करून देणारी. भोकं ठरलेली, त्यामुळे सूर बराचसा तयार मिळतो.

खरी सोय आहे ती स्वरलिपीची, तिचा उल्लेख हवा होता. तिथे स्वर 1 ते 7 आकड्यांत लिहितात आणि 1 कुठल्याही पट्टीत धरता येतो, अगदी आपल्या 'सा'सारखा. पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या पाच रेघांची भीतीच नाही! जिनान शहरात 1983 साली चीनमधलं ज्येष्ठांचं पहिलं विद्यापीठ निघालं, आज असे वर्ग चीनभर आहेत. शिकवणाऱ्यांनी फक्त घाई करू नये.