रात्री बारानंतरच्या पंधरा लाल फुल्या

कोड पाठवला की सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या टेस्ट, पंधराच्या पंधरा लाल! पायथन भाषेच्या पाच आवृत्त्या गुणिले तीन ऑपरेटिंग सिस्टिम, आणि एकालाही लाज नाही. बदललं काय होतं मी? रीडमीतली, म्हणजे माहितीच्या फाइलमधली, एक वेलांटी!

ठाण्यात कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास कुजून साडेदहाला घरी पोचलो. जेवलो, भांडी घासली, म्हटलं चला, जगानं फुकटात वापरायच्या पॅकेजची सेवा करू. साडेबाराला पुश, म्हणजे बदल सर्व्हरवर पाठवला. लाल. री-रन मारलं. लाल. कॅश, म्हणजे साठवलेल्या जुन्या फाइलींचा साठा, उडवला. लाल. सगळ्या डिपेंडन्सी, म्हणजे लागणारी इतरांची पॅकेजं, ठरावीक आवृत्तीवर पिन केल्या. लाल. मॅकवाला जॉब तर आधी वीस मिनिटं रांगेत बसणार आणि मग पडणार. अरे, पडायचंच आहे तर वेळेत पड ना! अडीचला बायको पाणी प्यायला उठली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अजून तेच?" आणि झोपायला गेली.

सकाळी आमच्या कॉन्ट्रिब्युटर पोरानं, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, नुसतं बटण दाबलं. पंधराही हिरवे. वर मेसेज: "दादा, माझ्याकडे तर चालतंय."

हे वाक्य उच्चारणाऱ्याला एक महिना फक्त यामल, म्हणजे या टेस्टच्या सेटिंगची फाइल, लिहायला लावलं पाहिजे. ते यामल! पायथनची आवृत्ती ३.१० अवतरणात घातली नाही की शेवटचं शून्य गिळून ३.१ शोधत बसतं. त्या शून्यापायी माझा एक आख्खा रविवार गेलाय. आणि ते 'उबुंटू-लेटेस्ट', टेस्टच्या मशीनवरचं लिनक्स! आवृत्ती २२.०४ वर सुखानं नांदत होतो, एक दिवस खालची सतरंजी ओढून २४.०४ अंथरली. वर लोक येऊन विचारणार, "प्रोजेक्टच्या पानावरचा बॅज लाल दिसतोय, प्रोजेक्ट मेंटेन होतो ना?" होतो हो. या घोडबंदरला, चहा पाजतो, लॅपटॉप हातात देतो.

असो. दुपारी ऑफिसात चोरून लॉग नीट वाचला. पॅकेजचं काम मराठीत तारखा छापायचं. कोड तारीख देतो भारताची, टेस्ट ती ताडून बघते मशीनच्या 'आज'शी. रनर, म्हणजे टेस्ट चालवणारं मशीन, यूटीसी या जागतिक वेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तिकडे कालचीच तारीख, आणि माझं ओपन सोर्स चालतंच त्या वेळात. लॅपटॉप भारतीय वेळेवर, त्यामुळे माझ्याकडेही चालतच होतं म्हणा.

त्या टेस्टच्या डोक्यावर कमेंट आहे, माझीच: "मध्यरात्री टेस्ट कोण चालवणार?"

पोरानं दुरुस्ती पाठवलीय. विचारतो, "दादा, ती कमेंट काढू का?"

राहू दे म्हटलं.